ब्रेकची डबी काठोकाठ

गाडीखाली लोळायची मला किळस नाही. ग्रीसची नाही, जळक्या डिझेलची नाही, रेडिएटरच्या जाळीत अडकून मेलेल्या पालीचीसुद्धा नाही. जळगावात गॅरेज टाकून वीस-बावीस वर्षं झाली, एवढ्या काळात माझी नखं कधी पांढरी दिसली असतील असं वाटत नाही. पण ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण फिरवायची मात्र अजूनही येते. बॉनेट उघडलं की ड्रायव्हरच्या समोर, मागच्या पत्र्याला लागून एक पिवळट प्लास्टिकची डबी असते, ती. तिच्यात काय निघेल याचा नेम नाही.

काय काय निघालंय म्हणून सांगू? रावेरच्या एका केळीवाल्या पिकअपमधून चिखलासारखा लगदा निघाला. ड्रायव्हरला विचारलं, काय टाकलं होतंस बाबा? तर म्हणे शेंगदाण्याचं तेल, घरच्या घाण्याचं, एकदम शुद्ध. हे तो अभिमानाने सांगत होता. एका कापडवाल्या शेठजींनी साधं पाणी ओतलं होतं, कारण रेडिएटरला चालतं. एका गुरुजींनी दसऱ्याला गाडीची पूजा झाल्यावर समईतलं उरलेलं तेल वाया जाऊ नये म्हणून डबीत रिकामं केलं, वातीच्या काजळीसकट. शिकलेली माणसं ही! चमच्याने ती काजळी उपसताना मी त्या गुरुजींच्या सात पिढ्या मनातल्या मनात उद्धरल्या.

आणि त्या डबीखाली जे बसलेलं असतं ते यंत्र खरं तर फार गुणी आहे, म्हणून जास्त चीड येते. मास्टर सिलिंडर म्हणजे दुसरं काही नाही, एक पिचकारी. पेडल दाबलं की आतला दट्ट्या पुढे सरकतो, तेल नळ्यांतून चारही चाकांकडे ढकललं जातं आणि तिकडे पॅड चाकाला आवळतात. तेल दाबलं तरी आकसत नाही, म्हणून पायाचा जोर इकडून तिकडे जसाच्या तसा पोचतो. दट्ट्ये एकामागे एक असे दोन असतात आणि डबीलाही आतून अर्धी भिंत असते. एका बाजूची नळी फुटून सगळं तेल गेलं तरी दुसऱ्या बाजूचं तेल दोन चाकं धरून ठेवतं. ज्याने हे पहिल्यांदा बनवलं त्याला माणसाची काळजी होती.

पण सगळा खेळ एका भोकाचा. पाय उचलला की दट्ट्या मागे येतो आणि डबीकडे जाणारं सुईएवढं भोक मोकळं होतं. तापून फुगलेलं तेल त्यातून वर डबीत जातं आणि कमी पडलेलं खाली येतं. ते भोक बुजलं की गेलेलं तेल परत फिरत नाही, पाय काढला तरी ब्रेक लागलेलाच राहतो. दट्ट्यावर जे रबरी कप असतात ते फक्त ब्रेक ऑइलसाठीच बनवलेले असतात. इंजिनचं म्हणा, ट्रॅक्टरचं म्हणा, दुसरं कुठलंही तेल लागलं की ते कप फुगतात आणि नेमके त्या भोकावर जाऊन बसतात. यासाठी लोटाभर तेल लागत नाही, दोन चमचे पुरतात.

आणखी एका गोष्टीचा मला तिटकारा आहे. बाटली एकाची, माल दुसऱ्याचा. कोल्ड्रिंकच्या बाटलीत फिनेल, पाण्याच्या बाटलीत बॅटरीचं ॲसिड. असल्या माणसांना मी गॅरेजात चारचौघांत फाडून खाल्लंय. हे आधीच सांगून ठेवतो, पुढे लागेल.

आता आबांची गोष्ट. आबा म्हणजे माझे वडील. रावेरजवळच्या आमच्या गावात राहतात, केळी लावतात, सत्तरी कधीच ओलांडलेली. आई गेल्यावर त्यांचा दिवस सरेना, म्हणून एका गिऱ्हाइकाची जुनी पांढरी गाडी घेऊन, ठाकठीक करून मी त्यांना दिली. साठीनंतर गाडी शिकलेला माणूस, पण काय तो डौल! मळ्यात गाडीने, रावेरला गाडीने, शेजारच्या गावात कुणाच्या दारावर, म्हणजे सांत्वनाला, जायचं तर गाडीने. आणि वर्षातून एकदा आखाजीला शिरपूरला, माझ्या बहिणीला आणायला. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्याकडे सासरी दिलेल्या लेकी त्या सणाला माहेरी येतात. मुराळी म्हणून खरं तर भावाने जायचं असतं, पण गाडी आल्यापासून आबांनी तो मान माझ्याकडून काढूनच घेतला. इस्त्रीची टोपी घालून लेकीच्या दारात स्वतः गाडी उभी करायची, यात त्यांचा जीव होता. उरलेलं वर्ष ते त्यावरच काढायचे.

त्या साली आखाजीच्या काही दिवस आधी त्यांचा फोन आला की गाडीत लाल दिवा लागतो आणि विझतो. मी एका गाडीखाली पाठीवर पडलेलो होतो, फोन खांद्यात धरलेला. डबीतलं तेल खाली गेलं की तो दिवा लागतो. आणि गळती नसेल तर तेल खाली जातं ते पॅड झिजले म्हणून. पॅड पातळ झाले की ते ढकलायला तेल पुढे जातं आणि तिकडेच राहतं. म्हणजे दिवा लागला की डबी भरायची नसते, चाक खोलून बघायचं असतं. हे मी गिऱ्हाइकांना घसा बसेपर्यंत सांगतो. आबांना काय सांगितलं? थोडं ब्रेक ऑइल टाका, पॅड सणानंतर बघू.

आखाजीला आमच्याकडे घागर भरतात. गेलेल्या माणसांच्या नावाने मातीची घागर पाण्याने भरायची, वर खरबूज, आंबा, सांजोरी ठेवायची. आईचा एक नियम होता की त्या दिवशी घरात रितं काही ठेवायचं नाही. रांजण काठोकाठ, गव्हाची कोठी भरलेली, मिठाची बरणीसुद्धा. ती गेल्यावर आबा तिच्या नावाची घागर भरतात आणि नियमही तिचाच चालवतात. ट्रॅक्टरची टाकी भरतात, फवारणीचा पंप धुऊन पाण्याने भरून ठेवतात. मी दुपारी पोचलो तोवर ताटं वाढलेली. बहीण आणि तिची लेक आधीच आलेल्या होत्या, आबांनीच आणलेल्या. जेवता जेवता आबा म्हणाले की ब्रेकची डबीसुद्धा भरली, पार तोंडापर्यंत. मी आमरसाची वाटी तोंडाला लावलेली होती. हूं म्हटलं आणि पुरणपोळी मोडली. डबीवर वरची रेघ असते ती कशासाठी, तापलेल्या तेलाला वर जागा लागते, यातलं एक अक्षर बोललो नाही. जेवून आडवा झालो.

दोन दिवसांनी त्यांचा पुन्हा फोन, खुशीत. ब्रेक कसा एकदम कडक झाला, नवीन गाडीसारखा, पाय ठेवला की धरतो. मी छान म्हटलं. मेकॅनिक मी! झिजलेल्या पॅडवरचा ब्रेक आपोआप कडक कसा होईल, हे माझ्या टाळक्यात यायला नको होतं? नाही आलं.

पाचव्या दिवशी ते बहिणीला आणि नातीला सोडायला निघाले. यावल मागे पडलं, चोपडा यायला थोडं राहिलं होतं, तेव्हा गाडी ओढेनाशी झाली. आबांनी ॲक्सिलरेटर आणखी दाबला. मग जळका वास आला, मग पुढच्या चाकांतून धूर. एका पुलाचा उतार संपताना गाडी रस्त्यातच थिजून उभी राहिली, पाय ब्रेकवर नसताना. मागून केळीचा ट्रक येत होता. त्या ड्रायव्हरने कसाबसा आवरला, पण गाडीच्या मागच्या काचेत ट्रकचं अख्खं तोंड दिसत होतं, असं बहीण सांगते. तिने लेकीला दरवाज्यातून ओढून काढलं आणि रस्त्याकडेच्या कडुनिंबाखाली नेऊन बसवलं. तिथे लेकीला उलटी झाली.

मी जळगावहून मोटरसायकलवर गेलो. मे महिन्याचं ऊन, तोंडावर भट्टीची झळ. पोचलो तर पाहुणे, म्हणजे बहिणीचे यजमान, शिरपूरहून माझ्याआधी येऊन उभे. मी बॉनेट उघडलं आणि डबीचं झाकण फिरवलं. झाकणातलं रबर फुगून बाहेर लोंबलं, परत बसवायला गेलो तर मावेना. आत दोन थर, वर तपकिरी तेलकट, खाली गढूळ, मध्ये बुळबुळीत तार. बोट बुडवलं, चोळलं, हुंगलं. ट्रॅक्टरचं हायड्रॉलिकचं तेल. तोंड फिरवून थुंकलो.

मास्टरवरची नळी सैल केली तशी तेलाची चिळकांडी उडाली आणि चाकं सुटली. आत कोंडलेला दाब होता तो. कप फुगून भोक बुजलं होतं, तेल परतीला वाट नव्हती. हे मी पाहुण्यांना समजावून सांगत होतो, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "मेकॅनिकच्या घरची गाडी ना ही?"

तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांच्यावर काढता येईना, मग आबांवर काढली. ट्रकचा ड्रायव्हर उभा, चार बघे उभे, बहीण उभी, आणि मी बापाला बोलतोय. तेल म्हणजे तेल असं वाटतं का तुम्हाला? आज पोरीला मारलं असतं. घागर भरायची ती भरा, दिसेल त्या भोकात ओतायला कुणी सांगितलं? उभा जन्म शेतात गेला, यंत्रातलं कळत नाही तर हात कशाला लावता? याहूनही वाईट बोललो, ते लिहवत नाही. आबा एकदाच म्हणाले, "बाटली तर..." आणि त्यांनी पाहुण्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि गप्प बसले.

मी हात पुढे केला. त्यांनी किल्ली टोपीने पुसली आणि माझ्या तळहातावर ठेवली. पाहुणे बायको-लेकीला घेऊन निघाले. जाताना म्हणाले की यापुढे आखाजीला आणायला यायचं कारण नाही, आम्हीच सोडू आणि आम्हीच नेऊ. आबांनी मान हलवली. जळगावपर्यंत ते मोटरसायकलवर माझ्या मागे बसून आले.

गाडी ओढून गॅरेजात आणली. अशा वेळी नुसतं तेल बदलून भागत नाही. जिथे जिथे ते तेल पोचलं तिथलं सगळं रबर टाकावं लागतं, मास्टरचे कप, पुढच्या चाकांचे सील, मागचे सिलिंडर, होज पाइप, डबीचं झाकण. कप बाहेर काढले तर भिजवलेल्या मनुक्यासारखे टपोरे आणि मऊ, चिमटीत धरले की चिकट काळं सुटायचं. साबणाने तीनदा हात धुतले तरी भाकरीला तो वास येत होता. पुढचा महिनाभर ते कप मी एका झाकणात ठेवून येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवले. बघा, तेल म्हणजे तेल म्हणणारे असे असतात. हसायचो वर, आणि सांगायचो की हा पराक्रम खुद्द माझ्या बापाचा.

जून लागला तशी गाडी घेऊन गावी गेलो. किल्ली द्यायला नव्हे. गाडी शेडमध्ये झाकून ठेवायची आणि ट्रॅक्टरच्या तेलाचा डबा आबांसमोर धरून त्यांना एकदा नीट शिकवायचं, असा बेत होता. आबा मळ्यातून यायचे होते. डबा काही सापडेना. शोधता शोधता भिंतीच्या फळीवर हात गेला आणि एक बाटली लागली. ब्रेक ऑइलची बाटली, लाल झाकण, वर मोठ्या ठळक अक्षरात ब्रेक लिहिलेलं. झाकण उघडलं. त्याखाली सायकलच्या ट्यूबची कापलेली चकती बसवलेली होती.

तशी चकती बसवायची सवय अख्ख्या घराण्यात एकालाच आहे. मला. झाकण झिरपू नये म्हणून मी गॅरेजातल्या प्रत्येक बाटलीला ती लावतो. मग सगळं आठवलं. थंडीत ट्रॅक्टरची लिफ्ट तेल सोडत होती म्हणून मी जळगावहून हायड्रॉलिकचं तेल आणलं होतं. काम झाल्यावर थोडं उरलं, कॅनचं झाकण हरवलेलं, गाडीच्या डिकीत ब्रेक ऑइलची रिकामी बाटली पडलेली. त्यात ओतलं, चकती लावली, फळीवर ठेवलं आणि विसरलो. बाटली एकाची, माल दुसऱ्याचा.

आबांनी तेल म्हणजे तेल समजून काही ओतलंच नव्हतं. मी सांगितलं तेच आणि लिहिलं होतं तेच टाकलं.

आता खरी लाज सांगतो. मला आधी रडू आलं नाही, पश्चात्तापही नाही. आधी मी शेडच्या मागे गेलो, केळीच्या पाल्याचा उकिरडा उकरला आणि बाटली त्यात खुपसली. कुणालाही कळलं नसतं. त्या लगद्याची, काजळीची, फुगलेल्या कपांची मिळून आली नसेल तेवढी किळस मला त्या क्षणी माझ्या हातांची आली. वळलो तर आबा मळ्याच्या वाटेवर उभे. किती वेळ उभे होते कोण जाणे.

मी बाटली उपसून काढली, पुसली, त्यांच्यासमोर धरली. म्हटलं, आबा, हे मी भरून ठेवलेलं होतं.

"मले माहीत व्हतं," ते म्हणाले. "बाटलीवर ब्रेक लिहेल व्हतं. मी चष्मा लावून वाचलं. झाकणात चकती तुझीच व्हती."

मग तिथंच का नाही बोललात, मी विचारलं. माझा आवाज चढलेला होता, अजूनही, निर्लज्जासारखा.

"पाहुण्यासमोर तुले कसं पाडू? गॅरेज तुले चालवायचं आहे."

एवढं बोलून ते हातपाय धुवायला गेले. मी किल्ली त्यांच्या खिळ्याला लावली. वर्षभर ती तिथंच राहिली. आबा रावेरला बसने जायचे, मळ्यात पायी. मी दर महिन्याला जाऊन गाडी सुरू करून बघायचो, डबीतलं तेल बघायचो, ते रेघेवर असायचं. चालवा म्हटलं की म्हणायचे, जायचं कुठे आहे. शिरपूरला जायचं नव्हतं, मग बाकी कुठे जाण्यात त्यांना गोडी उरली नव्हती. आणि शिरपूरची वाट उघडायची तर पाहुण्यांना खरं सांगावं लागणार होतं, ते एकटा मीच सांगू शकत होतो. गॅरेजातलं ते झाकण कपांसकट मी फेकून दिलं, पण ज्या गिऱ्हाइकांना हसवलं होतं त्यांच्यातल्या एकालाही बोलावून खरं काय ते सांगितलं नाही. जीभ रेटत नव्हती. दुसऱ्यांच्या डब्या उघडून नाक मुरडण्यात माझी हयात गेली, आणि स्वतःचं झाकण उघडायला मला जवळजवळ वर्ष लागलं.

आखाजीला आठवडा राहिला तेव्हा मी पाहुण्यांना फोन लावला. बाटली, चकती, फोनवर दिलेला थोडं टाकायचा सल्ला, कडक ब्रेकला छान म्हटलेलं, उकिरडा, काही राखून ठेवलं नाही. सगळं ऐकून ते एकदम त्यांच्या घरच्या बोलीत म्हणाले, "मंग आबासलेच धाडा." आणि पुढे असंही म्हणाले की तुम्ही मात्र येऊ नका.

मला हे लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

आबा निघाले त्या सकाळी मी गावातच होतो. चाकं खोलून पॅड मी आदल्या दिवशीच बघितले होते, नळ्या बघितल्या होत्या. इस्त्रीची टोपी घालून आबा बाहेर आले, बॉनेट उघडलं, खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि वाकून डबीची रेघ बघू लागले. मी मदतीला म्हणून पुढे झालो आणि झाकणाकडे हात नेला.

"तू पाह्य," आबा म्हणाले, "पण हात लावू नको."